मांजर नाही, आई आहे

"घरात मांजर आहे का?" इंग्लंडमध्ये, लीड्समधल्या कार्पेटच्या दुकानातल्या आजोबांनी सगळ्यात आधी हेच विचारलं. मला वाटलं, इथल्या रीतीप्रमाणे उगाच गप्पा. नाही म्हटलं. सांगलीहून आई येणार आहे, हे सांगण्याचं काही कारणच नव्हतं.

घेतलं 'बर्बर'. मखमलीसारखं कापलेल्या टोकांचं नव्हे, लोकरीच्या वेटोळ्यांचं. सायीच्या रंगावर तपकिरी ठिपके. नाव उत्तर आफ्रिकेतल्या लोकांवरून पडलंय, ते स्वतःला अमाझिघ म्हणवतात. मोरोक्कोच्या अॅटलस डोंगरात त्यांच्या बायका हातानं गाठी मारून गालिचे करतात. आमचं मशीनवरचं, नुसतं रूप उसनं. पॉलिप्रॉपिलीनचं, म्हणजे प्लास्टिकच्या धाग्याचं, बरंच स्वस्त होतं. त्याला पाण्याचे डाग लागत नाहीत, पण तेल लागलं की सोडत नाही, आणि जड सोफा ओढला तर घासून वितळतंसुद्धा. रोज फोडणी करणाऱ्या घरात तेल कुठून टाळणार? म्हणून लोकरीचं. नवऱ्याला तरी मी हेच कारण सांगितलं.

आई आली. चौथ्याच दिवशी तिच्या जोडव्यात एक वेटोळं अडकलं. "धागा निघालाय गं," म्हणून तिनं तो ओढला. मी चहा घेऊन येईपर्यंत वीतभर ओळ उसवलेली! ही वेटोळी एकाच अखंड धाग्याची असतात, एक सुटलं की मागची रांग येते. ओढायचं नसतं, कात्रीनं बाकीच्यांच्या उंचीला कापायचं. हे मला नंतर कळलं.

आणि ते व्हॅक्यूम! त्याचा फिरता ब्रश बंद ठेवायचा, नाहीतर लोकर पिंजून निघते. म्हणजे नुसती हवा ओढायची आणि झालं म्हणायचं. ओलं फडकं फिरवल्याशिवाय घर पुसलं असं माझं मन अजून मानत नाही. इथल्या जुन्या घरांत तर बाथरूममध्येही कार्पेट असतं, बोला आता. पण फरशीची आठवण काढणाऱ्यांनी इथे जानेवारीत पहाटे अनवाणी उठून दाखवावं.

आईचं मात्र कार्पेटशी लगेच जमलं. हातानं चाचपून म्हणाली, "हे घोंगडंच की. घोंगडं रोज कोण धुतंय? झटकायचं, ऊन द्यायचं." लीड्समध्ये ऊन! वरण सांडलं तेव्हा मी घाईनं साबण लावला, तर हळदीचा डाग कुंकवासारखा लाल झाला. सांगलीच्या पोरीला हे कळायला नको होतं?

आता आई मोजे घालून वावरते आणि जेवताना आम्ही महागड्या कार्पेटवर सतरंजी अंथरतो. परवा उसवलेली ओळ दुरुस्त करून घ्यायला फोटो घेऊन दुकानात गेले. आजोबांनी चष्म्यावरून बघितलं. "शेवटी मांजर आणलंच वाटतं?"

मी हो म्हणाले.