नाचणी, लाही, चिंच : दिवाळी ते आषाढ

मंडळी, नाचणी, लाही आणि चिंच या माझ्या तीन पाळीव उंदरिणी (रॅट, छोटे माउस नव्हेत). तिघींच्या नोंदवहीतलं हे एकत्र टिपण. पाळीव उंदरांवर मराठीत वाचायला फार थोडं मिळतं आणि इंग्रजीत जे मिळतं ते बहुतेक थंड हवेतल्या घरांसाठी लिहिलेलं असतं. आपल्याला एप्रिल कसा काढायचा ही चिंता, आणि एप्रिल निभावला की पावसाळा दारात उभा. माझ्या वहीत सगळ्यात जास्त शाई खर्ची पडली आहे ती तिघींच्या श्वासावर. पिंजरा घ्या, गादी घ्या, उकाडा घ्या, कुठूनही सुरुवात केली तरी गाडी शेवटी तिथेच येते.

नोव्हेंबर

तिघी सख्ख्या बहिणी. ओळखीतल्या एका मुलाने दुकानातून दोन माद्या म्हणून आणलेल्या जोडीत एक नर निघाला. पुढचं तुम्ही जाणताच. गर्भ २१ ते २३ दिवसांचा, एका वेतात आठ-दहा पिल्लं सहज, आणि पाच-सहा आठवड्यांत ती पिल्लंच विण्याजोगी होतात. त्याने नर-माद्या वेळेत वेगळ्या केल्या आणि पिल्लांसाठी घरं शोधायला लागला. दुकानातून घेण्यापेक्षा अशी पिल्लं दत्तक घ्यावीत, हे माझं ठाम मत आहे. आई-बाप बघायला मिळतात, माणसाच्या हाताची सवय झालेली असते, आणि मादी आधीच गाभण असल्याचं घरी आल्यावर कळण्याची वेळ येत नाही.

एकटा उंदीर कधीही ठेवू नका. आपण कितीही वेळ दिला तरी रात्री दोन वाजता मान चाटून साफ करणारं आणि अंगावर अंग टाकून झोपणारं कुणीतरी त्याला लागतंच. दोन किमान, तीन उत्तम.

आजीचा पहिला प्रश्न प्लेगचा होता. तिच्या आजीकडून तिने १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगच्या हकिगती ऐकलेल्या, त्यामुळे भीती खरी होती आणि मला ती उडवून लावायची नव्हती. म्हणून तिला नीट सांगितलं. प्लेग पसरायचा तो पिसवांमुळे, आणि त्या पिसवा वाहणारे मुख्यतः घरांच्या आढ्यात, माळ्यावर राहणारे काळे उंदीर होते. आपल्या तिघी वेगळ्या जातीच्या. तपकिरी उंदरांची ही पाळीव शाखा दीडशेहून जास्त वर्षं माणसाच्या हाताखाली वाढली आहे. लंडनमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या काळात जॅक ब्लॅक नावाचा उंदीर पकडणारा होता. पकडलेल्यांतले वेगळ्या रंगाचे उंदीर तो बाजूला काढून वाढवायचा आणि विकायचा. १९०१ मध्ये मेरी डग्लस यांनी इंग्लंडमधल्या आयल्सबरीच्या प्रदर्शनात पाळीव माउसच्या पंक्तीत पहिल्यांदा रॅटना बसवलं. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग यांना खायला काय घालतेस?" तिथून ती आमच्या बाजूची झाली.

पिंजरा फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतला. अर्ध्या इंचाची वेल्ड मेश सांगा. एक इंचाच्या जाळीतून लहान मादी डोकं घालते, आणि डोकं गेलं की अंग जातंच. नुसती गॅल्व्हनाइज्ड जाळी लघवीने गंजते आणि वास धरते, म्हणून पावडर कोटिंग करून घ्यायचं. तळ आणि मजले भरीव हवेत. जाळीवर सतत चालून तळपायांना जखमा होतात आणि त्या बऱ्या व्हायला फार वेळ घेतात. झोळ्यांसाठी जुन्या जीन्सचे पाय आणि आजीच्या गोधडीचे तुकडे वापरले. टर्किश टॉवेल मात्र नको, त्याच्या फासांत नखं अडकतात.

डिसेंबर

महिनाभर मी त्यांना पकडलं नाही. पिंजऱ्याचं दार उघडून हात आत ठेवायचा, तळहात वर, आणि पुस्तक वाचत बसायचं. नाचणी दुसऱ्याच आठवड्यात मनगटावर चढली. लाही पांढरी, गुलाबी डोळ्यांची. ती हाताकडे बघत डोकं डावी-उजवीकडे झुलवायची. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हिला काही झालंय. अशा डोळ्यांना कमी दिसतं, आणि अंतराचा अंदाज घ्यायला ते असं डोलतात. हे कळल्यापासून मी तिच्यासमोर हात हळू आणि बाजूने नेते.

चिंच सगळ्यात उशिरा आली. तिचा पहिला विश्वास असा दिसला : मी हातावर उकडलेल्या अंड्याचा चुरा ठेवला होता. ती आली, मागचे दोन्ही पाय झोळीतच ठेवून अंग ताणलं, आणि पुढच्या पंजाने माझ्या करंगळीचं टोक धरलं. एवढासा पंजा, चार बोटं, गुलाबी, गार. करंगळी धरून ठेवूनच तिने चुरा खाल्ला. मग दात कटकट घासायला लागली आणि तिचे डोळे खोबणीत भराभर थरथरले. जबड्याचा स्नायू डोळ्याच्या मागून जातो म्हणून असं होतं. नव्या माणसाला ते भयंकर दिसतं, पण अशा निवांत घडीला ती खुशीची खूण असते.

गुदगुल्यांचं तुम्ही करून बघा. मानेमागे बोटांनी हलकेच लोळवायचं, मध्ये थांबायचं, आणि उंदीर हाताच्या मागे पळत आला तर समजायचं त्याला आणखी हवंय. अमेरिकेत याक पँकसेप यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं की अशा खेळात उंदीर ५० किलोहर्ट्झच्या आसपास चिवचिवतात. आपला कान २० पर्यंतच ऐकतो, त्यामुळे समोर चाललेलं ते हसू आपल्याला ऐकू येत नाही. २०१९ मध्ये बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांना लपाछपी शिकवली. उंदीर लपतही होते आणि शोधतही होते. नाचणी सोफ्याच्या उशीमागे जाऊन बसते आणि मी शोधून काढलं की उडी मारून परत तिथेच जाते, तेव्हा मला त्या प्रयोगाचं जराही नवल वाटत नाही.

फेब्रुवारी

घर बदललं की पहिले काही दिवस शिंका येतात, त्या नोव्हेंबरात येऊन थांबल्या होत्या. फेब्रुवारीत लाहीच्या परत सुरू झाल्या आणि नाकाभोवती लालसर डाग दिसायला लागले. ते रक्त नसतं. डोळ्यामागच्या ग्रंथीतून पोर्फिरिन नावाचं रंगद्रव्य येतं. झोपेतून उठल्यावर थोडंसं दिसलं तर काळजी नको. दिवसभर राहिलं तर ताण किंवा आजार आहे. मी तिला कानाशी धरून छाती ऐकली. बारीक कुरकुर होती, पॉलिथिन चुरगाळल्यासारखी.

मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जंतू पाळीव उंदरांत जवळजवळ सगळीकडे आहे. तो पूर्ण जात नाही, दबून राहतो आणि हवा बिघडली, वय झालं किंवा ताण आला की डोकं वर काढतो. कुत्र्या-मांजरांपलीकडचे प्राणी बघणारे डॉक्टर आपल्याकडे मोजके, त्यामुळे गरज पडायच्या आधीच एक शोधून ठेवा. आमच्या डॉक्टरांनी वजन करून डॉक्सीसायक्लिन आणि एन्रोफ्लॉक्सासिन दिलं. मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांकडूनच घ्यावी. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी : डॉक्सी दूध-दह्यातून देऊ नका, कॅल्शियममुळे ते अंगी लागत नाही. कुस्करलेल्या केळ्याच्या बोटभर गोळीतून लाहीने ते मुकाट्याने घेतलं.

त्याच आठवड्यात घरातल्या हवेचा हिशेब मांडला. पिंजरा होता तिथून देवघर जवळ, म्हणजे सकाळ-संध्याकाळ उदबत्ती. रात्री डासांची कॉइल. आणि सुक्या मिरचीच्या फोडणीचा ठसका माणसाला सोसत नाही, तो ३०० ग्रॅमच्या जिवाला कसा सोसेल! पिंजरा मागच्या खोलीत नेला, कॉइल बंद करून खिडक्यांना जाळ्या बसवल्या. वखारीतला भुसा मी कधीच वापरला नाही. पाइन-देवदारच्या भुशातला उग्र वास आणि धूळ दोन्ही फुप्फुसांना वाईट. कोऱ्या कागदाच्या पट्ट्या आणि सुती फडकी चालतात. लघवीच्या अमोनियाने त्यांच्या नाकाचं आणि फुप्फुसांचं नुकसान होतं, म्हणून लघवीचा कोपरा रोज आणि पूर्ण गादी आठवड्याला बदलते. सगळं एकदम धुवून काढत नाही, एक झोळी जुनी ठेवते, नाहीतर वास परत बसवायला त्या दुप्पट लघवी करतात.

मार्चपर्यंत लाहीची छाती साफ झाली.

एप्रिल-मे

उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही आणि कुत्र्यासारखं धापा टाकून गार होताही येत नाही. त्याचं रेडिएटर म्हणजे शेपूट. रक्त तिथे येतं आणि उष्णता बाहेर पडते. ३० अंशांच्या वर त्यांना त्रास सुरू होतो, ३५ च्या वर जिवावर बेतू शकतं. पुण्यात एप्रिलमध्ये पारा ४० ला टेकतो.

सगळ्यात उपयोगी पडलं ते कुंभारवाड्यातलं सामान. तळ फुटलेला माठ आडवा टाकला की बिळासारखा गारवा. मंगलोरी कौलं पाण्यात भिजवून दुपारी आत ठेवायची. तिघी त्यांवर पोट टेकून पसरतात. गोठवलेली पाण्याची बाटली जाड फडक्यात गुंडाळून एका कोपऱ्यात, म्हणजे नको असेल तर दूर जाता येतं. कूलरचा झोत सरळ पिंजऱ्यावर नको. उथळ ताटात बोटभर पाणी आणि त्यात मटाराचे दाणे : चिंच पंजाने चाचपत दाणा धरते, पाणी झटकते, साल सोलून बाजूला टाकते आणि मगच खाते. नाचणी तिच्या हातातला पळवते.

खूण ओळखून ठेवा. शेपूट तापलेलं, अंग सैल, लाळ आणि उघड्या तोंडाने श्वास दिसला तर थांबायचं नाही. शेपूट आणि पाय साध्या गार पाण्याने भिजवायचे, बर्फाच्या नाही, आणि डॉक्टर गाठायचा. उघड्या तोंडाने श्वास घेणारा उंदीर कोणत्याही ऋतूत तातडीचा रुग्ण असतो.

आषाढ

पावसाळ्यात शत्रू बदलतो : बुरशी. मक्याच्या कणसाच्या बुरकुंड्यांची तयार गादी मिळते, पण ती ओली झाली की चटकन बुरसते, म्हणून जूनपासून बंद. धान्य थोडं थोडं आणायचं आणि घट्ट डब्यात ठेवायचं. आमचं रोजचं मिश्रण ज्वारी, बाजरी, नाचणी आणि ओट्सचं. सोबत मोडाचे मूग, भोपळा, कोथिंबीर, आठवड्यातून दोनदा उकडलेलं अंडं. राजमा-घेवडा शिजवल्याशिवाय कधीच नाही. शेंगदाण्याचं बटर बोटाला पुसट लावून. उंदराला उलटी होत नाही, घशात चिकटलं तर बाहेर काढायला त्याच्याकडे उपाय नाही. फरसाण आणि पेढे घरातल्या कुणाकडूनही नाही, आजीकडूनही नाही.

बाहेरच्या उंदरांची आणि घुशींची लघवी पाण्यात मिसळते, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) त्यातूनच येतो. गटाराच्या बाजूच्या मोरीला जाळी ठोकली, चपला दाराबाहेर, पावसातून आल्यावर हात धुतल्याशिवाय पिंजऱ्याला हात लावायचा नाही.

रविवारी स्वयंपाकघरातल्यापेक्षा वेगळ्या काट्यावर वजन होतं. या आठवड्याचं : नाचणी ३१०, लाही २८५, चिंच २६०. एका आठवड्यात वजन दहाएक टक्के घटलं तर मी वाट बघत नाही. वजनासोबतच काखेपासून जांघेपर्यंत बोटं फिरवून गाठ चाचपते. माद्यांना स्तनग्रंथीच्या गाठी फार होतात, आणि त्यांच्या स्तनग्रंथी पार खांद्यापर्यंत पसरलेल्या असतात, त्यामुळे फक्त पोट बघून भागत नाही. कमी वयात गर्भाशय-अंडाशय काढलं तर हा धोका बराच कमी होतो. पण भुलीचा अनुभव असलेला डॉक्टर हवा. आमच्या डॉक्टरांशी बोलणं चालू आहे.

आयुष्य दोन-तीन वर्षांचं, त्यामुळे त्याच मुलाकडच्या आणखी दोन माद्या आणायचं ठरतंय. पहिले दोन आठवडे त्या वरच्या मजल्यावर मावशीकडे राहतील, कारण त्यांनी आजार आणला असेल तर तो आधी कळावा, आणि एकाच घरातल्या वेगळ्या खोलीतही हवा एकच असते. मग फडक्यांची अदलाबदल, मग कुणाच्याच मालकीची नसलेल्या जागेत, बाथरूमच्या फरशीवर, पहिली भेट. प्रौढ माद्यांच्या कळपात नव्या माद्या मिसळताना तुमच्याकडे काय उपयोगी पडलं ते जरूर कळवा, विशेषतः तुमच्या घरात चिंचेसारखी झोळीवर हक्क सांगणारी कुणी असेल तर.