एगास मोनिझ फ्रेम : माद्रिद सोडले, पॅरिस धरले

पोर्तुगीज मज्जाविकारतज्ज्ञ आणि राजकारणी एगास मोनिझ यांच्यावर मी एक फ्रेम, म्हणजे तिकिटे-लिफाफ्यांचा प्रदर्शनात मांडायचा संग्रह, जुळवत आहे. ते १९१८ मध्ये स्पेनमध्ये देशाचे प्रतिनिधी होते, त्या काळाच्या पानासाठी मागवलेला लिस्बन–माद्रिद लिफाफा अखेर हाती आला आणि त्याबरोबर हे माद्रिदचे पान पुन्हा रिकामे झाले. विक्रेत्याने वर्णनात पोस्टाचा शिक्का १९१८ चा असल्याचे लिहिले होते. लिफाफा खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरून दहापट भिंगातून पाहिला, तेव्हा वर्षाच्या शेवटच्या आकड्याचे खालचे वळण डावीकडे उघडेच राहिलेले दिसले, म्हणजे तो आठ नसून नऊ होता. सेरेस देवीच्या चित्राच्या पोर्तुगीज मालिकेची तिकिटे सुबक आहेत, शिक्काही नेटका बसला आहे. परंतु १९१९ मध्ये मोनिझ माद्रिदला नव्हतेच. शिक्क्याचा मोठा स्कॅन पाठवण्यास टाळाटाळ करणाऱ्या विक्रेत्याकडून लिफाफा घेऊ नये, हे माझे मत यामुळे अधिकच पक्के झाले आहे.

या पानाचा मी एवढा हट्ट का धरला आहे, ते नव्या सभासदांसाठी थोडक्यात सांगतो. पोर्तुगालने मोनिझ यांना १९६६ च्या शास्त्रज्ञ मालिकेत ५० सेंटाव्होच्या तिकिटावर स्थान दिले, १९७४ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त तीन तिकिटे काढली आणि पुढे १०,००० एस्कुदोंच्या नोटेवरही त्यांचे चित्र छापले. या सर्व ठिकाणी ते केवळ वैद्य आहेत. १९०३ पासून संसदेत बसणारे, १९११ मध्ये लिस्बनला मज्जाविकारशास्त्राचे प्राध्यापक झालेले, राष्ट्राध्यक्ष सिदोनियु पाइश यांच्या राजवटीत स्पेनमध्ये देशाचे राजनैतिक प्रतिनिधी आणि मग परराष्ट्रमंत्री झालेले, आणि पाइश यांची डिसेंबर १९१८ मध्ये हत्या झाल्यानंतरही पॅरिसच्या शांतता परिषदेत पोर्तुगीज शिष्टमंडळाचे नेतृत्व करणारे मोनिझ तिकिटांवर कोठेच नाहीत. सोळा पानांच्या फ्रेममध्ये या कालखंडासाठी चार पाने राखून ठेवायची आणि त्यांवर नुसता मजकूर चिकटवायचा, हे कोणताही परीक्षक चालवून घेणार नाही.

त्यांपैकी एका पानाचा प्रश्न किओंगाने सोडवला. जर्मन पूर्व आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचा हा चिमुकला त्रिकोण पोर्तुगीज सैन्याने १९१६ मध्ये ताब्यात घेतला आणि मोझांबिकमधील लोरेन्सो मार्केसच्या १०० रेईसच्या निळ्या तिकिटांवर ‘किओंगा’ असे छापून चार किमतींची तिकिटे काढली. त्यांतील अर्ध्या सेंटाव्होचे न वापरलेले तिकीट मला मिळाले असून छपाईची शाई कागदात नीट मुरलेली आहे. तरीही तज्ज्ञाचे प्रमाणपत्र येईपर्यंत ते पानावर लावणार नाही, कारण स्वस्तात मिळणाऱ्या किओंगाकडे संशयानेच पाहावे लागते.

त्या तिकिटावर पोर्तुगालचे राजा कार्लूश यांचे चित्र आहे. त्यांच्याच राजवटीत, जानेवारी १९०८ मध्ये, फसलेल्या उठावाच्या प्रकरणात मोनिझ यांना अटक झाली होती आणि त्याच प्रकरणात पकडल्या गेलेल्यांत प्रजासत्ताकवादी नेते अफोन्सु कोश्ता हेही होते. मार्च १९१९ मध्ये पॅरिसला मोनिझ यांच्या जागी शिष्टमंडळाचे प्रमुख म्हणून आले ते हेच कोश्ता. किओंगा पोर्तुगालच्या पदरात पडले तेही त्यांच्याच काळात, त्यामुळे पानावरील मजकुरात श्रेय मोनिझ यांच्या नावावर जाणार नाही याची काळजी घ्यावी लागेल.

हा मजकूर जुळवताना तारखांची यादी पुढ्यात होती आणि तिच्यामुळेच फ्रेमचा आराखडा बदलला. व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या २८ जून १९१९ रोजी. मोनिझ यांना जिवंत रुग्णाच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांचे पहिले यशस्वी क्ष-किरण चित्र मिळाले २८ जून १९२७ रोजी. मानेतील रोहिणीत सोडियम आयोडाइडचे द्रावण सोडून घेतलेले ते चित्र त्यांनी पुढच्याच महिन्यात पॅरिसच्या मज्जाविकारतज्ज्ञांपुढे मांडले. तरुणपणी ज्या पॅरिसमध्ये ते शिकले, तेथेच ते आधी देशाचे प्रतिनिधी म्हणून आणि नंतर संशोधक म्हणून उभे राहिले. मग माद्रिदच्या काही महिन्यांमागे एवढे पैसे का घालवायचे? माद्रिदचे पान आता एका परिच्छेदावर आणले आहे आणि मधली पाने पॅरिसभोवती गुंफत आहे.

याचा लगेच फायदा असा की १९१९ च्या पॅरिसचे साहित्य विपुल आणि स्वस्त आहे. जुन्या पोस्टकार्डांच्या खोक्यात फेब्रुवारी १९१९ चा स्वच्छ शिक्का असलेले, पेरणी करणाऱ्या स्त्रीचे तिकीट लावलेले कार्ड चहाच्या पैशांत मिळाले. मोनिझ तेव्हा त्याच शहरात वाटाघाटी करत होते. त्याला लागूनच १९७४ च्या मालिकेतील १० एस्कुदोंचे, रक्तवाहिन्यांच्या चित्राचे तिकीट येईल. ३.३० एस्कुदोंच्या तिकिटावर मेंदूच्या शस्त्रक्रियेची सळई आणि नोबेल पदक शेजारी शेजारी आहेत. मोनिझ यांच्या १९३५ च्या त्या शस्त्रक्रियेने अनेक रुग्णांचे पुढे काय झाले, हेही त्या पानावर लिहिणार आहे. ही सर्व तिकिटे काळ्या माउंटमध्येच (तिकीट न चिकटवता बसवायच्या पाकिटात) बसवीन, कारण मूळ गोंद शाबूत असलेल्या तिकिटाला हिंज (मागे चिकटवायची कागदी पट्टी) लावणे मला पटत नाही.

पहिल्या पानाबद्दल मात्र अद्याप विचार चालू आहे. १९६६ च्या त्याच मालिकेत दीड एस्कुदोच्या तिकिटावर जुझे कोर्रैया दा सेरा आहेत. हे वनस्पतिशास्त्रज्ञ १८१६ ते १८२० या काळात अमेरिकेत पोर्तुगालचे प्रतिनिधी होते आणि माजी राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांच्या घरी त्यांचे येणे-जाणे असे. दोघांची तिकिटे सुरुवातीला शेजारी लावली तर परीक्षकाला विषय पहिल्या दृष्टिक्षेपातच कळेल, परंतु दा सेरा वैद्य नव्हते. कुणाकडे त्या तिकिटाचे प्रथमदिन आवरण (तिकीट निघाल्याच्या दिवशीचा शिक्का असलेला लिफाफा) जादा असेल तर कळवावे. बदल्यात १९१९ चा लिस्बन–माद्रिद लिफाफा देण्याची माझी तयारी आहे, अर्थात खरे वर्ष सांगूनच.