धूळ अशी सरळ बसत नाही

लंडनमधल्या एका छोट्या कार्यशाळेत मी कागदावरची जुनी चित्रं दुरुस्त करते. गेल्या हिवाळ्यात एक आजोबा तपकिरी कागदावरचं रेखाटन घेऊन आले. काळ्या-पांढऱ्या खडूतली, खांद्यावर घागर धरलेली विवस्त्र स्त्री. कोपऱ्यात तिचाच हात पुन्हा एकदा, मोठा करून काढलेला. सही नव्हती. "मळ फार बसलाय, तेवढा काढा," ते म्हणाले.

मागे चिकटवलेल्या स्वस्त पुठ्ठ्यातल्या आम्लाने कागद कडेला ठिसूळ झाला होता. तो पुठ्ठा पापुद्र्या-पापुद्र्याने सोलण्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी आकृतीपासून लांब, मोकळ्या जागेवर मी रबराचा मऊ स्पंज फिरवायला घेतला. दोन-तीन हात फिरले असतील, स्पंजवर करडा ठसा आला आणि कागदावरची एक पुसट रेघ बोटाच्या पेराएवढी तुटली. पोटात धस्स झालं. धूळ अशी सरळ बसत नाही.

दिवा तिरपा धरून बघायला हवं होतं ते आधी. आता बघितलं. त्या रेघेला समांतर दुसरी, तिसरी, मग आडव्या. पट्टी लावली, सगळीकडे सारखं अंतर.

लहानपणी कोल्हापुरात सिनेमाचे बॅनर रंगवणाऱ्यांकडे मी तासन्‌तास बघत उभी राहायचे. छोट्या फोटोवर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या कापडावर आखायच्या, आणि एकेका चौकटीतली भुवई, ओठ, हनुवटी उचलून तिकडे ठेवायची. इथेही तेच चाललं होतं. ही बाई कुठल्यातरी मोठ्या कॅनव्हासवर जायला निघाली होती.

एकोणिसाव्या शतकातला इंग्रज चित्रकार फ्रेडरिक लेटन, त्याचं 'कॅप्टिव्ह अँड्रोमाकी' हे चित्र 1888 साली लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात लागलं. आता ते मँचेस्टरला आहे, चार मीटर रुंद. ग्रीक कथेतलं ट्रॉय शहर पडल्यावर गुलाम झालेली अँड्रोमाकी, तिथल्या हेक्टर या योद्ध्याची विधवा, काळ्या वस्त्रात पाणवठ्यावर उभी आहे, भोवती पाण्याला आलेल्या बायका. लेटन अशा चित्रासाठी आधी आकृती मॉडेलवरून विवस्त्र काढायचा, मग त्याच पवित्र्यावर वस्त्राच्या चुण्या वेगळ्या. चौकटींनी कॅनव्हासवर नेलेली आकृती तिथेही आधी उघडीच रंगवायचा आणि मग तिला वस्त्र चढवायचा. त्या चित्रासमोर मी अनेकदा उभी राहिले आहे. चुणी जिथे वळते तिथे खाली खरा गुडघा आहे हे जाणवतं, आणि ते का, हे मला त्या सकाळी माझ्या टेबलावर कळलं. आकृती कुणाचीही असो, रीत हीच.

पुसलेली रेघ मी परत आखली नाही. ती जागा फोटोत खूण करून अहवालात लिहिली: इथली रेघ सफाई करताना माझ्या हातून गेली.

आजोबांना बोलावून तेही सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, दिवा माझ्या हातून घेतला आणि स्वतःच तिरपा धरला. मग घागरीपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत, कागदाला बोट न लावता, एकेक चौकट मोजत गेले.