चौदा हजारांतलं इंजिन

आचारीमामांची ऑम्नी गॅरेजच्या दारात आली तेव्हा तिच्या मागची रिक्षा निळ्या धुरात दिसेनाशी झाली होती. "तीनशे किलोमीटरला लिटरभर तेल पितीया," मामा म्हणाले. "माझ्याकडं चौदा हजार हाईत. त्याच्यावर एक रुपाय न्हाई. सातव्या दिवशी गडहिंग्लजला लग्नाचं जेवण हाय."

आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात आधी इंजिन खोलायचं आणि मग विचार करायचा, अशीही पद्धत आहे. इथं ती परवडणार नव्हती. सीट उचललं (ऑम्नीचं इंजिन ड्रायव्हरच्या बुडाखालीच असतं), प्लग काढले, सिलिंडरातला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज लावला. एक नंबर सिलिंडर 150 पाउंड, तीन नंबर 145, दोन नंबर 80. दोन नंबरात चमचाभर तेल ओतून परत सेल्फ मारला. काटा 130 वर. म्हणजे दाब गळतोय तो व्हॉल्व्हमधून नाही, पिस्टनभोवतीच्या रिंगांतून. तेलानं रिंगेची फट घटकाभर बुजते, व्हॉल्व्हची बुजत नाही.

खोललं तर दोन नंबरच्या रिंगा कार्बनमध्ये रुतून बसलेल्या, बोटानं हलेनात. सिलिंडरच्या वरच्या कडेला नख फिरवलं, पायरी जेमतेम लागली. लेथवाल्यानं बोअर गेज घातला : झीज 0.06 मिमी. "बोअर मारून टाक की भावा, कटकट जाईल." त्याचं चुकत नव्हतं. पण बोअर मारलं, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठे केले, की तीन ओव्हरसाइज पिस्टन आले आणि मामांचे पैसे तिथंच संपले. नुसतं होनिंग, म्हणजे आतून हलकी घासणी, करून घेतलं. नव्या रिंगा घासून बसायला भिंतीवर तिरप्या रेघा लागतातच.

क्रँक मायक्रोमीटरला बरोबर भरला, पण पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथल्या बिगएंड बेअरिंगचा वरचा थर झिजून तांबं दिसत होतं. बेअरिंग, टायमिंग बेल्ट, गॅस्केट किट नवं. यात मी कुणाचंच ऐकत नाही. पिस्टन जुनेच, त्यांच्या खाचा मोडक्या रिंगेच्या तुकड्यानं खरवडल्या. सिलिंडरवर बसणाऱ्या हेडवर सरळपट्टी ठेवून खाली फिलर गेजची पातळ पाती घालून बघितली, कुठं शिरली नाही. फेसिंगचे, म्हणजे हेड घासून सपाट करायचे, पैसे वाचले.

इथं माझी अक्कल शेण खायला गेली. "व्हॉल्व्हची सीलं गेल्या सालीच बदलल्यात," मामा म्हणाले. व्हॉल्व्ह बरे आहेत हे गेजनं सांगितलंच होतं, मग कशाला काढा? व्हॉल्व्हच्या दांड्यावरून तेल खाली उतरू न देणारी किटमधली सहा सीलं डबीतच राहिली.

सहाव्या दिवशी संध्याकाळी इंजिन चालू केलं. आवाज लोण्यासारखा. पाच मिनिटं आयडलला ठेवून पाय दिला, आणि मागून निळा भपका! मामा काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं. आयडलला व्हॅक्यूम जोरात असतो, कडक झालेल्या सीलातून तेल खाली ओढलं जातं. कॉम्प्रेशन गेजला हे कधीच दिसत नाही, आणि ते मला पंधरा वर्षं माहीत आहे.

परत हेड उतरवायचं म्हणजे दुसरं गॅस्केट आणि लग्न बुडालं. मग दोरीचा डाव. प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडायची, क्रँक हातानं फिरवून पिस्टन वर आणायचा. दोरी दबते आणि व्हॉल्व्ह खालून धरून ठेवते. रॉकर काढले, स्प्रिंग दाबून तिला व्हॉल्व्हवर अडकवणारा एकेक लॉक बाहेर. जुनी सीलं नखानं तुटत होती. एक लॉक उडून सीटखाली गेला, तो सापडेपर्यंत पाऊण तास. सहावं सील बसलं तेव्हा दोन वाजले होते.

पहाटे मामांनी स्वतः पाय दिला आणि मागं जाऊन वास घेतला, फोडणीचा घेतात तसा. मग पातेली चढवायला लागले.

हजार किलोमीटरनं तेल बदलायला आले. डिपस्टिक पुसून घातली, काढली. तेल दोन खुणांच्या मधोमध. जुन्या पिस्टनला एवढं चालायचंच.