तळ्याला काठ असते बे

माझा एक मित्र नोकरीपायी अलिबागला गेला आणि पाच-सहा वर्षांत पुरता दर्यावर्दी होऊन बसला. दर हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे फोटो पाठवतो. खाली एकच ओळ, ‘तुमच्याकडे काय?’ यंदा जानेवारीत घरी आला आणि तर्री-पोह्याचा दुसरा घास घेता घेता म्हणाला, “नागपुरात सगळं आहे बे, फक्त किनारा नाही.”

आता हे ऐकून कोण गप्प बसेल? दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला त्याला स्कूटरवर मागे बसवलं आणि उमरेड रस्त्याने पारडगावच्या तलावाकडे निघालो. अलिबागच्या हवेने गडी पार नरमला होता. पाचगाव येईपर्यंत त्याचे दोन्ही हात माझ्या जॅकेटच्या खिशात, आणि तोंडातून शब्द फुटेना. नागपूरच्या थंडीचे मी मनोमन आभार मानले.

हिवाळ्यात आपल्याकडचे तलाव आटत जातात, पाणी मागे सरकतं आणि ओल्या गाळाचा पट्टा उघडा पडतो. पाखरांची खरी पंगत तिथेच. लाल काड्यांसारख्या पायांचे शेकाटे चिखलात चोच खुपसत होते. पाण्यावर काळेभोर वारकरी, कपाळावर पांढरा टिळा लावलेले. मराठीत पाखरांची नावं ठेवणाऱ्यांना मी नेहमी हात जोडतो. चोचीच्या बुडाशी लाल आणि टोकाला पिवळा ठिपका दिसला की झालं त्याचं हळदी-कुंकू बदक!

बेशरमीच्या झुडपाआड बसलो. उजाडायला लागलं आणि पाण्याच्या मध्यावर राखाडी रंगाची गर्दी हलली. पट्टकदंब. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, कुणी बोट बुडवून ओढावेत तसे. तिबेट-मंगोलियाकडचे हे पाहुणे हिमालय ओलांडून येतात. शास्त्रज्ञांनी यंत्रं बसवून त्यांचा माग काढला, तेव्हा काही पक्षी 7,000 मीटरच्याही वर उडताना सापडले. तिथे माणसाला धड श्वास घेता येत नाही. आणि एवढा उपद्व्याप करून मुक्कामाला कुठे, तर उमरेड रस्त्यावर. मला उगीचच यजमान असल्यासारखं वाटायला लागलं.

“किती असतील?” मित्र कुजबुजला. मी दुर्बिणीतून मोजायला लागलो. चाळीसच्या पुढे गेलो की एखादा मान पाण्यात घालायचा आणि गणित बिघडायचं. तेवढ्यात मागून बैल घेऊन जाणारे एक काका थांबले.

“बदकं मोजून राहिले का?”

“हो काका.”

“मंग माह्या हरभऱ्यात किती येते तेही मोजून ठेवा.”

यावर काय बोलणार? रात्र पाण्यावर आणि चराई शेतात, असा या पाहुण्यांचा खाक्या. आमचं कौतुक त्या माणसाच्या कोवळ्या पिकावर चरत होतं. काका हसतच गेले, पण माझं यजमानपण तिथेच गळून पडलं. खरे यजमान तेच होते.

ऊन वर आलं तशी पाखरं आंग-आंग करत उठली आणि काका गेले त्याच दिशेने निघाली. फोटोच्या नादात मित्र दोन पावलं पुढे सरकला आणि घोट्यापर्यंत गाळात. पाय आला, बूट राहिला. बूट उपसताना हातभर अंतरावर एक तुतवार शेपटी वरखाली नाचवत आला.

“अरे, हा तर आमच्याकडचा!” मित्र एका पायावर उभा राहून ओरडला. “आमच्या किनाऱ्यावर रोज असतो.”

“इथे काठावर असते,” मी म्हणालो.

“किनाऱ्यावर.”

“तळ्याला काठ असते बे, किनारा नसते.”

तो काही बोलला नाही. काडीने बुटातला चिखल काढत बसला. तुतवार मात्र आमच्या दोघांच्या मधून टुकटुक चालत पुढे गेला, गाळात काहीतरी शोधत.