आईच्या गालावरचा वांग आणि ती लाइटची ट्रीटमेंट

आईची सगळी उमर तासगावकडच्या द्राक्षबागेत गेली, फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात घड उतरवत, त्यामुळं दोन्ही गालांवर वांग, कपाळावर काळे डाग आणि डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या. धाकट्याचं लग्न ठरलं तशी म्हणाली, अगं लाइट मारून चेहरा उजळतो म्हणं, बघ की जरा. मग सांगलीत स्किनच्या डॉक्टरांकडं नेलं, पार्लरमध्ये नाही, हे मुद्दाम सांगते.

ही लाइटची ट्रीटमेंट म्हणजे आयपीएल, म्हणजे इंटेन्स पल्स्ड लाइट, जोरदार उजेडाचे झटके; ती लेसर नव्हे. लेसरमध्ये एकाच तरंगलांबीचा प्रकाश असतो, आयपीएलमध्ये साधारण 500 ते 1200 नॅनोमीटरचा मिश्र प्रकाश, तो डागातलं मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, शोषतं, तापतं आणि डाग आधी गडद होऊन मग गळून पडतो. गोऱ्या कातडीवर हे छान चालतं, पण आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन सगळीकडंच, मग आजूबाजूचं पण भाजू शकतं आणि नवेच डाग उठतात, आणि वांग तर उष्णतेनं उलट वाढूही शकतो! हे पार्लरवाले कुणी सांगत नाहीत, मला याचा फार राग येतो. सावळ्यांना 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर त्यातल्या त्यात बरा, पण वांग त्यानंही परत येतो.

म्हणून आईला सध्या फक्त रात्रीचं क्रीम आणि रंग असलेलं सनस्क्रीन, कारण त्यातलं आयर्न ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा उजेडपण अडवतं. काल बागेत जाताना तिनं स्वतःहून लावलं, वर शेजारच्या काकूंच्या गालालापण फासलं.