हरभरा, दोरा आणि सायप्रिनस

गगनबावडा रस्त्यापासून थोडे आत, तिन्ही बाजूंनी उसाने वेढलेले एक लहान तळे आहे. दिवसाचे दोनशे रुपये भरले की दिवस मावळेपर्यंत तेथे एका काठीने मासे धरता येतात. दोन किलोंपर्यंतचा मासा वजनावर विकत घ्यायचा आणि त्याहून मोठा पाण्यात परत सोडायचा, एवढाच मालकांचा नियम. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या या जिल्ह्यात पैसे भरून धरलेला मासा सोडून देणाऱ्यास लोक खुळ्यात काढतात, पण मला तो नियम पटतो.

तळ्यात कटला, रोहू, मृगळ आणि सायप्रिनस, म्हणजेच कॉमन कार्प, असे चार मासे मुख्य आहेत. पहिले तिघे पावसाळ्यात नदीच्या वाहत्या पाण्यात विणारे असल्यामुळे त्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, विकत आणून सोडावी लागते. सायप्रिनस मात्र साचलेल्या पाण्यातही पाणवनस्पतींना अंडी चिकटवतो. १९३९ मध्ये सिलोनहून निलगिरीत आणि १९५७ मध्ये बँकॉकहून त्याची दुसरी जात, अशा दोन वाटांनी भारतात आलेला हा मासा आता आपल्याकडे पुरता रुळला आहे.

गेल्या हिवाळ्यात मी चार रविवार रिकाम्या हाताने परतलो. कणीक, शेंगदाण्याची पेंड आणि गूळ मळून केलेल्या गोळ्या तळाशी पोहोचायच्या आतच चिलापी, म्हणजे तळ्यातला तिलापिया मासा, कुरतडून संपवत असे. ते पाहून मालक एकदा म्हणाले, "पावनं, चिलापीला जेवण घालायला आलाय व्हय?"

चिलापीतून वाचलेल्या गोळीचेही काही होत नव्हते, आणि त्याचे कारण सायप्रिनसच्या तोंडात आहे. हा मासा ओठ नळीसारखे पुढे काढून चिखलासकट खाद्य ओढून घेतो, तोंडात चाळतो आणि नको ते क्षणात बाहेर फुंकतो. त्याच्या जबड्यात दात नसतात; ते असतात घशात, आणि कठीण दाणे तो तेथेच भरडतो. त्यामुळे आमिषात लपवलेला गळ त्याला बोचला की पाण्यावरचे बूच जेमतेम थरथरते, आणि आपण झटका देईपर्यंत गळ बाहेर पडलेला असतो.

यावर इंग्लंडमधील हौशी मंडळींनी जवळजवळ अर्ध्या शतकापूर्वी तोड काढली. आमिष गळात न ओवता गळाच्या दांडीपासून निघणाऱ्या बारीक धाग्यावर लोंबते ठेवायचे. सुरुवातीला त्यासाठी खरोखरच माणसाचा केस वापरला गेला. मासा आमिष ओढतो तेव्हा मोकळा गळ त्यामागोमाग आत जातो, आणि तो फुंकू लागला की टोक खालच्या ओठात अडकते. तंगुसाला, म्हणजे गळाच्या दोरीला, जड शिसे असेल तर मासा हलताच गळ आणखी रुततो, आणि झटक्याची गरजही फारशी उरत नाही.

मी केसाऐवजी शिवणाचा दोरा घेतला आणि आमिष म्हणून हरभरा. तो रात्रभर भिजवून, नख रुतेल पण डाळ सुटणार नाही इतपत उकडला. अर्धवट भिजलेला दाणा माशाच्या पोटात फुगू शकतो, म्हणून येथे आळस करू नये. एवढ्या घट्ट दाण्यावर चिलापीचा निभाव लागत नाही, हा वेगळाच फायदा झाला.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी गळाभोवती जेमतेम दोन मुठी हरभरे टाकले. पूर्वी मी पाटीभर पेंड ओतत असे; भरल्या पोटाचा मासा आपल्या गळाकडे का यावा, हा साधा विचार तेव्हा सुचला नव्हता. साडेनवाच्या सुमारास रीळ अचानक करकरू लागले आणि तंगूस उसाच्या बांधाकडे धावला. जाळीत आलेला सायप्रिनस साडेतीन किलोंचा भरला. गळ नेमका खालच्या ओठाच्या मधोमध होता. अंगावरचा चिकट थर निघू नये म्हणून ओल्या पोत्यावर ठेवून गळ काढला आणि मासा पाण्यात सोडला.

मालकांनी दोऱ्याची गाठ दोनदा बांधून घेतली, आणि डब्यातले उरलेले हरभरे मीठ लावून खाऊन टाकले.